मुखपट्टीआडचा वर्ग

गेल्या दिवाळीच्या आधीं घरांतील साफसफाई चालली असतां माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेंत एक लहानसें गांठोडें सांपडलें. सोडून पाहतों तों आंत कापडी मास्कांचा ढीग ! एक वहिनींच्या जुन्या इरकली लुगड्याच्या कांठाचा, दोन खणाच्या उरलेल्या तुकड्यांचे, आणि एक तर खुद्द अण्णांच्या विरलेल्या सदऱ्याचा. कानांत अडकविण्याच्या नाड्या सैल पडल्या होत्या. "टाकून द्या तें सारें," असें कोणीसें म्हणालें, परंतु आमची नात, जी आतां उंचीनें आपल्या आईच्या खांद्याला लागली आहे, ती त्यांतील सर्वांत लहान मास्क उचलून म्हणाली, "हा माझा पहिलीचा. हा लावून मी शाळेंत जात असें. आणि मला आमच्या बाईंचें तोंड कधीं दिसलेंच नाहीं."

तिनें हें अगदीं सहज सांगितलें. परंतु त्या एका वाक्यावरून त्या दिवशीं माजघरांत जो वाद पेटला तो जेवणाचीं पानें मांडेपर्यंत विझला नाहीं. अण्णा, म्हणजे आमचे वडील बंधु, प्रथम सरसावले. "पोरांच्या तोंडांना मुसकीं बांधलीं आणि त्यांचा प्राणवायु निम्मा केला. मळणीच्या बैलालाही मुसकें बांधतात तें कामापुरतेंच !" त्यांची सून डॉक्टर आहे. ती हसून म्हणाली, "अण्णा, मी इस्पितळांत आठ आठ तास मास्क लावून उभी होतें. माझा प्राणवायु कोठें निम्मा झाला ?" यावर वहिनी, ज्या इतका वेळ मुकाट्यानें अनारशांचें पीठ मळीत होत्या, त्या मान वर न करतां म्हणाल्या, "तुझें शिक्षण तेव्हां पुरें झालेलें होतें ग. हिचें नुकतें सुरू होत होतें."

आम्हांस वाटतें, वादाचें मर्म वहिनींनीं सांगितलें. अण्णांची भीति शरिराविषयीं होती आणि सूनबाईंचें उत्तरही शरिराविषयींच होतें. परंतु मास्कनें मुलांचें जें कांहीं झालें तें श्वासापेक्षां शब्दाचें झालें, आणि फुफ्फुसापेक्षां चेहऱ्याचें. या गोष्टीचा निवाडा भावनेवर न सोडतां माहितीवर करावा, म्हणून आम्हीं कांहीं आठवडे हा विषय धरून वाचन केलें, आणि जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

तो काळ वाचकांस स्मरत असेलच. तरी तारखा एकदां मांडून ठेवणें बरें. मार्च 2020 च्या मध्यास राज्यांतील शाळा बंद झाल्या. नववी ते बारावीचे वर्ग 23 नोव्हेंबर 2020 पासून उघडण्यास शासनानें मुभा दिली. आमच्या नाशकांत मात्र ते 4 जानेवारी 2021 रोजीं उघडले. त्याच महिन्याच्या 27 तारखेपासून राज्यांत पांचवी ते आठवीच्या वर्गांस परवानगी मिळाली. पण थोडे दिवस जातात न जातात तोंच दुसरी लाट आली आणि दारें पुनः मिटलीं. पुढें 4 ऑक्टोबर 2021 पासून शहरांत आठवीपासून पुढचे आणि खेड्यांत पांचवीपासून पुढचे वर्ग भरूं लागले. अगदीं धाकट्या मुलांचा पाय शाळेंत पडावयास डिसेंबर उजाडावा लागला. जानेवारी 2022 मध्यें तिसऱ्या लाटेनें पुनः सुटी घडविली, ती 24 तारखेस उठूं लागली. आणि 2 एप्रिल 2022 रोजीं, ऐन गुढीपाडव्याच्या दिवशीं, राज्यांतील मास्कची सक्ती संपली.

हा हिशेब पाहिला म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. आमच्याकडील पहिलीच्या मुलानें वर्गांत सक्तीचा मास्क लावला तो काळ चार महिन्यांहून अधिक भरत नाहीं. परदेशांत कित्येक ठिकाणीं तो याच्या कितीतरी पट होता. मग चार महिन्यांचें एवढें काय घेऊन बसलां, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर एवढेंच कीं, हे चार महिने त्या मुलाच्या शाळेचे पहिले चार महिने होते. रोप लावल्यानंतरचे चार दिवस आणि झाड झाल्यानंतरचे चार दिवस सारखे नसतात.

मास्कची सक्ती करणाऱ्यांस दोष देण्यापूर्वीं त्या दिवसांची भीति आठवली पाहिजे. 21 एप्रिल 2021 रोजीं याच नाशकांत, महानगरपालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयांत, प्राणवायूच्या टाकीस गळती लागून पुरवठा खालावला आणि वीसांहून अधिक रुग्ण त्या दुपारीं दगावले. ज्या गांवानें तो दिवस पाहिला त्या गांवांतील आईबापांनीं मुलांच्या तोंडास पट्टी बांधून त्यांस शाळेंत धाडलें, यांत नवल तें काय ? एकत्र कुटुंबांत तर काळजी दुहेरी असे. मूल आजारी पडेल याची नव्हे, तर त्याच्याबरोबर घरीं आलेला रोग ओटीवर बसलेल्या आजोबांस गांठील याची. मुलांनीं तो मास्क पुष्कळ अंशीं आपल्या आजी-आजोबांसाठीं लावला, हें आम्हां वडील मंडळींनीं विसरतां कामा नये.

आतां प्रथम शरिराचा विचार करूं. मास्कनें प्राणवायु अडतो ही समजूत चुकीची आहे. प्राणवायूचा रेणु इतका सूक्ष्म असतो कीं, कापडाच्या किंवा वैद्यकीय मास्कच्या छिद्रांपुढें तो म्हणजे नगरवेशीच्या दारांतून जाणारी मुंगी. कार्बन डायऑक्साइडचीही तीच गोष्ट. मग विषाणु कसा अडतो, असा प्रश्न आमच्या अण्णांनीं लागलीच केला. विषाणु हा या रेणूंहून शेंकडों पटींनीं मोठा असून तो बहुधा एकटा हिंडत नाहीं. थुंकीच्या व श्वासाच्या बारीक कणांत बसून हिंडतो. हे कण तंतूंच्या जाळ्यावर आदळतात व चिकटतात. चांगल्या मास्कांत तंतूंस विद्युद्भार दिलेला असतो, तो त्यांस ओढून घेतो. वायु मात्र मोकळा ये-जा करतो. मास्कच्या आंतल्या बाजूस उच्छ्वासाची थोडी हवा रेंगाळते व ती पुढच्या श्वासाबरोबर परत आंत जाते, हें खरें. पण निरोगी मुलानें शांत बसून अभ्यास करतांना त्याच्या रक्तांतील प्राणवायु त्यामुळें घटत नाहीं.

याविषयीं एक बोधप्रद प्रकरण घडलें. जून 2021 च्या अखेरीस अमेरिकेंतील बालरोगविषयक एका अत्यंत प्रतिष्ठित नियतकालिकांत एक लेख आला. मुलांच्या मास्कआड कार्बन डायऑक्साइडचें प्रमाण धोक्याच्या कितीतरी पलीकडे जातें, असें त्यांत म्हटलें होतें. हां हां म्हणतां तें वृत्त जगभर पसरलें. परंतु मोजण्याची पद्धतीच सदोष असल्याचें तज्ज्ञांनीं दाखवून दिलें आणि जुलै महिन्यांतच त्या नियतकालिकानें तो लेख मागें घेतला. भीति ज्या वेगानें पसरली त्या वेगानें तिचें निरसन कांहीं पसरलें नाहीं. आमच्या अण्णांपर्यंत पहिली बातमी पोंचली, दुसरी त्यांस या दिवाळींत प्रथम कळली.

तथापि शरिरास त्रास मुळींच झाला नाहीं असेंही नव्हे. कानांमागें नाडीचे वळ उठत. गालांवर घामोळें येई. तारुण्यांत पदार्पण करणाऱ्या मुलामुलींच्या हनुवटीवर पुटकुळ्या येत. चष्मेवाल्या मुलांच्या कांचांवर वाफ धरे व फळ्यावरचें अक्षर पुसट होई. मार्च महिन्यांतील नाशिकचें ऊन तापूं लागलें म्हणजे घामानें व श्वासानें ओला झालेला मास्क नकोसा होई. आणि ओला मास्क श्वासास जड जातो व कामासही कमी येतो. आमची नात सांगे कीं, सारखा मास्क काढावा लागतो म्हणून ती शाळेंत पाणीच पीत नसे. भरलेली बाटली तशीच घरीं येई. मैदानावर धांवतांना मास्क नसावा असें जागतिक आरोग्य संघटनेनें स्पष्ट म्हटलें होतें. पण भीतीपुढें हा बारकावा कित्येकदां हरवून जाई. हे सारे त्रास खरे होते. परंतु मास्क उतरतांच तेही उतरले. शरिराचा हिशेब येथें मिटला.

मनाचा हिशेब इतका सरळ नाहीं, आणि त्याची सुरुवात ध्वनीपासून होते. मास्क हा वायूस अडवीत नसला तरी आवाजास अडवितो, आणि सर्व आवाजास सारखा अडवीत नाहीं. 2020 सालीं केलेल्या मोजणींत असें आढळलें कीं, साध्या वैद्यकीय मास्कमुळें वरच्या पट्टीचे ध्वनि 3 ते 4 डेसिबलनें मंदावतात, तर एन-95 जातीच्या मास्कनें ते सुमारें 12 डेसिबलपर्यंत मंदावतात. आवाजाचा घोषयुक्त खालचा भाग, म्हणजे स्वर, शाबूत राहतात. आणि झिजतात तीं व्यंजनें. स आणि श यांमधील भेद, त आणि थ, प आणि फ यांमधील महाप्राणाचा फुंकर, हे सारे याच वरच्या पट्टींत राहतात. मोठ्या माणसास अर्धा शब्द ऐकूं आला तरी उरलेला तो अनुभवानें भरून काढतो. पहिलीच्या मुलाकडे भरून काढावयास शिल्लकच किती असणार ?

त्यांतून बाकांमध्यें अंतर, शिक्षिका दूर फळ्याशीं, हवा खेळावी म्हणून उघडलेल्या खिडक्यांतून येणारा रस्त्यावरील रिक्षांचा गोंगाट, आणि बाईंच्या व मुलांच्या अशा दोन्ही तोंडांवर पट्ट्या. बाईंचा शब्द एका पट्टींतून गाळून मुलाकडे जाई आणि मुलाचें उत्तर दुसऱ्या पट्टींतून गाळून बाईंकडे परत येई. मूल "पाणी" म्हणालें कीं "पानी", हें बाईंस कळण्यास मार्ग उरत नसे. मग चूक सुधारावी कोणी?

ऐकणें हें केवळ कानांचें काम नव्हे. 1976 सालीं हॅरी मॅक्गर्क व जॉन मॅक्डोनल्ड या दोन मानसशास्त्रज्ञांनीं एक चमत्कारिक प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावरील माणसाचे ओठ 'ग' म्हणतांना दाखवावयाचे आणि कानांवर मात्र 'ब' घालावयाचा. पाहणाऱ्या बहुतेक प्रौढांस तिसराच, 'ड' सारखा ध्वनि ऐकूं येई. डोळे मिटले कीं पुनः 'ब' ! याचा अर्थ असा कीं, आपण सर्वच जण नकळत ओठ वाचीत असतों. ही गोष्ट पश्चिमेकडून शिकण्याची आपणांस फारशी गरज नव्हती. आपल्या शिक्षाशास्त्रानें वर्णांची मांडणीच मुळीं मुखांतील स्थानांवरून केली आहे: कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य आणि ओष्ठ्य. वेदपाठशाळेंतील विद्यार्थी गुरूंच्या समोर बसतो तो केवळ आदरासाठीं नव्हे. प, फ, ब, भ, म हे वर्ण ओठ मिटल्याखेरीज होत नाहींत, आणि व हा दांत व ओठ यांच्या स्पर्शानें होतो. हें सांगावें लागत नाहीं, दिसतें. मास्कनें नेमकें हेंच वर्णमालेचें दृश्य पान झांकून टाकलें.

मराठीच्या बाबतींत एक आणखी अडचण आहे, ती हिंदी किंवा संस्कृत शिकणाऱ्यास नाहीं. आपला च दोन प्रकारचा आहे. 'चार' मधील च तालव्य, आणि 'चाक' मधील च दंततालव्य. तीच गोष्ट ज आणि झ यांची. लिपींत या दोहोंस अक्षर एकच. पुस्तक कितीही वेळां उघडलें तरी तें हा भेद सांगणार नाहीं. तो सांगतें केवळ माणसाचें तोंड. घरांत शुद्ध बोलणारें माणूस असेल तर मूल तो घरीं उचलतें. ज्या मुलाच्या घरची बोली वेगळी आहे, त्यास मात्र शाळेंतील बाईंच्या तोंडाखेरीज दुसरा आधार नसतो. त्या मुलाचें नुकसान अधिक झालें असणार, हें उघड आहे.

येथें आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे. आमची नात दुसरींत असतां तिचें श्रुतलेखन फार चुके. ट च्या जागीं ठ, प च्या जागीं फ, न आणि ण यांचा तर नेहमींच घोळ. वाचावयास सांगितलें तर ती पुटपुटे. मोठ्यानें म्हण असें सांगितलें कीं डोळ्यांत पाणी आणी. आम्हीं तिला निष्काळजी म्हटलें, आणि एकदोनदां पाहुण्यांदेखत तिच्या वहीवरून थट्टाही केली. पुढें एके दिवशीं वहिनींच्या लक्षांत आलें कीं, आपण बोलूं लागलों म्हणजे ही पोर आपल्या डोळ्यांकडे न पाहतां टक लावून तोंडाकडे पाहते. त्यांनीं कोणास कांहीं न सांगतां रोज संध्याकाळीं शुभंकरोति झाल्यावर तिला समोर पाटावर बसवून, एकेक ओळ सावकाश म्हणावयाची व तिच्याकडून म्हणवून घ्यावयाची, असा क्रम धरला. सूनबाईंनीं तिचे कान तपासून घेतले; कान निर्दोष होते. सहासात महिन्यांत वहीवरील तांबड्या खुणा निम्म्याहून कमी झाल्या. हा सारा दोष मास्कचाच होता असा आमचा दावा नाहीं. दोन वर्षें शाळाच नव्हती, ही गोष्ट त्याहून मोठी. परंतु जें मूल ऐकण्याची वाट चांचपडत शोधीत होतें त्यास आम्हीं आळशी म्हटलें, ही चूक आमची होती आणि ती अजून सलते.

ज्या मुलांस ऐकूंच कमी येतें, त्यांची तर या काळांत दारुण अवस्था झाली. नाशकांत कर्णबधिर मुलांसाठीं श्रीमती माई लेले श्रवण विकास विद्यालयासारख्या शाळा आहेत. अशा शाळांतून शिकलेलें मूल पुढें सामान्य वर्गांत बसतें तें पुष्कळसें ओठांच्या आधारावर. मास्क लागतांच त्याचा तो आधार एका दिवसांत नाहींसा झाला. ओठ दिसावेत म्हणून पारदर्शक खिडकी असलेले मास्क पुढें निघाले. पण त्यांच्या कांचेवर वाफ धरे आणि ते सहज मिळतही नसत.

आतां चेहऱ्याकडे वळूं. मूल शाळेंत केवळ अक्षरें वाचीत नाहीं. तें दिवसभर चेहरे वाचीत असतें. बाई रागावल्या आहेत कीं रागावल्याचें सोंग करीत आहेत, शेजारचा मुलगा थट्टा करतो आहे कीं भांडतो आहे, याचा निर्णय ओठांच्या कोपऱ्यावर होतो. अमेरिकेंतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांनीं 2020 सालीं 7 ते 13 वर्षांच्या मुलांस निरनिराळ्या भावनांचे चेहरे दाखवून परीक्षा घेतली. मास्क घातलेल्या चेहऱ्यांवरील भाव ओळखतांना मुलांच्या चुका वाढल्या; परंतु केवळ अदमासानें उत्तर द्यावें त्याहून त्यांचीं उत्तरें सरसच राहिलीं. गंमत अशी कीं, काळा चष्मा घातलेल्या चेहऱ्यांनींही मुलांस जवळजवळ तितकेंच चकविलें. म्हणजे मुलाचें मन पंगु झालें नाहीं; तें आवाजाच्या चढउतारावरून, भुंवयांवरून, हातवाऱ्यांवरून वाट काढीत राहिलें. मात्र ही वाट काढण्यास श्रम पडत, आणि दिवसाकांठीं तीं मुलें थकून घरीं येत. मास्क उतरल्यावर बाई पहिल्यांदा वर्गांत हसल्या तेव्हां काय वाटलें, असें आम्हीं नातीस विचारलें. ती म्हणाली, "आबा, मला वाटलें दुसऱ्याच बाई आल्या. मग त्या बोलल्या, तेव्हां कळलें."

थोरल्या मुलांची कथा निराळी. आठवी-नववीच्या कित्येक मुलामुलींस मास्क उतरविणें हेंच अवघड झालें. ज्या वयांत ओठांवर मिसरूड फुटतें, दातांस तारा लागतात, चेहऱ्यावर पुटकुळ्या येतात, त्या वयांत अर्धा चेहरा झांकून फिरण्याची मुभा मिळाली, ती सोडवेना. जपानांत 13 मार्च 2023 पासून मास्क लावणें ज्याच्या त्याच्या इच्छेवर सोपविलें गेलें, तेव्हां लोकांस पुनः मोकळेपणीं हसतां यावें म्हणून हसण्याचे वर्ग चालले, आणि त्यांत विद्यार्थीही आरसा हातीं घेऊन बसले ! आपण यास हसूं. परंतु आपल्याच घरांतील एखादा अबोल मुलगा किंवा मुलगी त्या काळांत अधिक आंत वळली असेल, तर तिच्या चेहऱ्याविषयीं घरांत होणारी थट्टा बंद करणें हा पहिला उपाय होय.

एवढें सांगितल्यावर न्यायाचा कांटा सरळ धरला पाहिजे. मुलांच्या शिक्षणाची जी हानि झाली ती मुख्यतः शाळा बंद राहिल्यानें झाली. मास्कमुळें झालेली हानि तिच्यापुढें लहान आहे. 'असर' नांवाच्या देशव्यापी पाहणींत, ग्रामीण भारतांतील तिसरीच्या मुलांपैकीं दुसरीचा उतारा वाचूं शकणारीं 2018 सालीं शेंकडा 27.3 होतीं, तीं 2022 सालीं शेंकडा 20.5 वर आलीं. 2024 सालीं तीं पुनः शेंकडा 27.1 पर्यंत चढलीं. ही घट बंद दारांची आहे, आणि ही भरपाई शिक्षकांच्या व मुलांच्या कष्टांची आहे. मास्क लावून कां होईना, शाळा उघडणें हें न उघडण्यापेक्षां शतपटींनीं बरें होतें. मास्क नको म्हणून शाळाच नको, असें कोणीं म्हटलें असतें तर तें बोळ्याबरोबर पाणी फेंकणें झालें असतें.

परंतु किती लहान मुलास मास्क लावावा, याविषयीं जगांत एकमत नव्हतें, ही गोष्टही आईबापांस ठाऊक असावी. अमेरिकेच्या रोगप्रतिबंधक संस्थेनें तो दोन वर्षांपासून सुचविला. जागतिक आरोग्य संघटनेनें ऑगस्ट 2020 मध्यें पांच वर्षांपर्यंतच्या मुलांस तो नको, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांस परिस्थिति पाहून, आणि बारा वर्षांवरील मुलांस मोठ्यांप्रमाणें, असा विवेक सांगितला. इंग्लंडांत प्राथमिक शाळेंतील मुलांवर तो सक्तीचा नव्हता. आपल्या केंद्र शासनाच्या आरोग्यसेवा महासंचालनालयानेंही जून 2021 मध्यें पांच वर्षांपर्यंतच्या मुलांस मास्क नको असेंच सांगितलें. मास्कचा उपयोग होतो हें बांगलादेशांतील 600 खेड्यांत झालेल्या मोठ्या प्रयोगानें दाखविलें. वैद्यकीय मास्क वांटलेल्या गांवांत लक्षणांसह जडणारा रोग शेंकडा 11 नें घटला, आणि वृद्धांस त्याचा लाभ अधिक झाला. मात्र तो प्रयोग प्रौढांवरचा होता. मोठ्यांचा पुरावा लहानांच्या तोंडास जसाच्या तसा बांधतां येत नाहीं.

उपाय हा रोगाच्या वाटेवर अवलंबून असतो, हें आपल्या प्रांतानें पूर्वींही अनुभविलें आहे. 1897 सालीं युरोपांत मिकुलिच नांवाच्या शल्यवैद्यानें शस्त्रक्रियेच्या वेळीं तोंडावर जाळीदार कापड बांधण्याचा प्रघात सुरू केला. त्याच वर्षीं आपल्याकडे प्लेग धुमाकूळ घालीत होता. आमच्या पूर्वजांनीं तोंड बांधलें नाहीं. त्यांनीं गांव सोडून रानांत झोपड्या घातल्या. तो रोग उंदरांवरील पिसवांनीं येणारा, म्हणून उंदीर-पिसवांच्या गांवापासून दूर जाणें हाच तेथें शहाणपणा ठरला. करोना हवेंतून येणारा. त्याच्या वाटेंत कापडाइतकीच, किंबहुना अधिक, खिडकी महत्त्वाची. क्षयाच्या भयानें 1904 सालीं बर्लिनजवळ शार्लोटेनबुर्ग येथें उघड्या हवेंतील शाळा निघाली होती. आणि करोनाच्या काळांत आपल्याच सोलापुरांतील नीलमनगरांत शिक्षकांनीं घरांच्या बाहेरील भिंतींवर धडे रंगवून मुलांस उघड्यावर शिकविलें. नाशिकसारख्या मोकळ्या हवेच्या गांवांत पहिली-दुसरीचे वर्ग झाडाखालीं किंवा व्हरांड्यांत भरविणें अशक्य नव्हतें. निफाडकडील थंडी लोटून गेली कीं जानेवारीच्या अखेरीपासून येथील सकाळ कशी सुखाची असते हें सर्वांस ठाऊक आहे. तेथें बाईंनीं दहा हात दूर उभें राहून, मास्क उतरवून, निदान अक्षरओळखीचा अर्धा तास घेतला असता, तर तेवढ्यानेंही पुष्कळ काम साधलें असतें.

साथी येतात आणि जातात. पुढचीही कधीं तरी येईलच. तेव्हां लहानांसाठीं काय करावें याचें आमचें मत आम्ही थोडक्यांत सांगतों. प्रथम खिडक्या, मग मास्क. बालवाडीस मास्क नको. पहिली-दुसरीस अक्षरओळखीच्या वेळीं शिक्षकाचें तोंड दिसेल अशी योजना असावी. खेळतांना मास्क नसावा, ओला झाला कीं बदलावा, आणि पाणी पिण्यासाठीं ठराविक घंटा असावी. ज्या वर्गांत कमी ऐकूं येणारें मूल असेल तेथें त्याची सोय आधीं पहावी. यांतील एकाही गोष्टीस फार पैसा लागत नाहीं. लागते ती मुलाकडे पाहण्याची सवय.

आणि आज काय करावें ? त्या वर्षीं पहिलींत असलेलीं मुलें आतां वरच्या वर्गांत पोंचलीं आहेत. त्यांपैकीं कोणी अजून पुटपुटून वाचीत असेल, वर्गांत उभें राहून बोलावयास भीत असेल, श्रुतलेखनांत अडखळत असेल, तर त्यास निष्काळजी म्हणण्यापूर्वीं त्याचे कान तपासून घ्यावेत आणि मग त्यास समोर बसवून मोठ्यानें वाचावयास लावावें. यासाठीं शिकवणी नको. एकत्र कुटुंबाजवळ या कामास लागणारें धन आधींच आहे: रिकामा वेळ असलेले आजोबा, शुद्ध बोलणारी आजी, आणि मोबाईल बाजूस ठेवून समोरासमोर बसण्यास पुरेल एवढी ओसरी. ज्या घरांत हें धन नाहीं अशा शेजारच्या एखाद्या मुलासही त्याच पाटावर जागा करून दिली, तर त्यासारखें दुसरें दान नाहीं.

गांठोड्यांतील बाकीचे मास्क वहिनींनीं पुसणीं म्हणून वापरावयास काढले. तो एक लहान मास्क मात्र नातीनें आपल्या कंपासपेटींत ठेविला आहे. आतां रोज संध्याकाळीं ती वहिनींस वर्तमानपत्र वाचून दाखविते, कारण वहिनींस मोतीबिंदूमुळें बारीक अक्षर दिसत नाहीं. 'चाक' चा च कधीं 'चार' सारखा झाला तर वहिनी तिला थांबवितात, स्वतः म्हणून दाखवितात, आणि ती त्यांच्या तोंडाकडे पाहून पुनः म्हणते. अण्णा शेजारीं झोपाळ्यावर बसून ऐकत असतात. प्राणवायूचा विषय त्यांनीं पुनः काढलेला नाहीं.